बेरीज शून्य: प्रारंभीच्या विश्वाचा विद्युतप्रभार

विश्वरचनाशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांचे गणित सुरू होताना एक छोटी ओळ हमखास भेटते: इलेक्ट्रॉनांची संख्या प्रोटॉनांच्या संख्येइतकी धरली आहे. तिला कधी 'कारण विश्व विद्युतदृष्ट्या उदासीन आहे' असे अर्धे वाक्य जोडलेले असते, कधी तेही नसते. विद्यार्थी ती ओळ मान्य करून पुढे जातो, कारण हरकत घेण्यासारखे तिच्यात काही दिसत नाही. शिक्षकही थांबत नाही. पुढे हेलियम किती तयार झाला, प्रकाश मोकळा कधी झाला, असले कितीतरी रंजक प्रश्न वाट पाहत असतात. पण हे विधान काही साधेसुधे नाही. आपल्याला दिसू शकणाऱ्या साऱ्या विश्वातला धन आणि ऋण प्रभार एकत्र मिळवला तर उत्तर शून्य येते, असा त्याचा दावा आहे. एवढ्या मोठ्या बेरजेचे उत्तर शून्य कसे आले, ते खरेच शून्य आहे का, आणि हे कुणी तपासले, हे विचारायला हवे. हे पुस्तक त्या एका ओळीपाशी थांबते.

माझे म्हणणे आधीच सांगतो. उदासीनता ही गणित सुटसुटीत व्हावे म्हणून धरलेली गोष्ट नव्हे. तिला पुरावा आहे, आणि भौतिकशास्त्रात इतक्या बारीक मर्यादेपर्यंत तपासलेली विधाने फार थोडी आहेत. मात्र हा पुरावा प्रभार किती आहे ते सांगतो, शून्यच का आहे ते सांगत नाही. प्रभार अक्षय्यतेच्या नियमाकडे बोट दाखवून 'का'चेही उत्तर दिल्याचा आव बऱ्याच ठिकाणी आणला जातो, तो टिकणारा नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि पुस्तकातली बहुतेक चर्चा या दोहोंच्या मधल्या जागेत चालते.

आधी एक नेहमीचा घोळ दूर करू. प्रारंभीचे विश्व उदासीन अणूंनी भरलेले होते का, हा एक प्रश्न. आणि त्याचा एकूण प्रभार शून्य होता का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सरळ 'नाही' असे आहे. सुरुवातीची सुमारे ३,८०,००० वर्षे विश्वात अणू टिकूच शकत नव्हते. प्रोटॉन, हेलियमची केंद्रके आणि इलेक्ट्रॉन मोकळे फिरत होते. ती सगळी प्लाझ्माची अवस्था होती. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. तापमानात मांडली तर ती १,५८,००० केल्विनच्या आसपास जाते. तरीही विश्व ३,००० केल्विनच्या जवळपास निवेपर्यंत अणू तगले नाहीत, कारण दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे दीड अब्जाहून अधिक फोटॉन होते आणि त्यांतले मूठभर तापट फोटॉनही अणू फोडायला पुरेसे होते. तापमान, घनता आणि आयनीभवन यांची सांगड घालणारे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या वातावरणासाठी मांडले. विश्वाच्या या टप्प्याचे पहिले गणित आजही त्याच समीकरणाने करतात. शेवटच्या भागात समतोल मोडतो आणि साहा यांचे सूत्र अपुरे पडते. ती दुरुस्ती १९६८ मध्ये प्रिन्स्टनला पीबल्स यांनी आणि मॉस्कोत झेल्डोविच, कुर्त व सुन्यायेव्ह यांनी केली. अणू तयार झाल्यावरही काही हजारांत एक इलेक्ट्रॉन मोकळाच राहिला. पुढे पहिल्या तारे-दीर्घिकांच्या जंबुपार प्रकाशाने पहिल्या अब्ज वर्षांत हायड्रोजन पुन्हा फोडला, आणि आज दीर्घिकांच्या मधल्या पोकळीतला जवळजवळ सगळा हायड्रोजन आयनीभूत आहे. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनी, या संक्रमणकाळातल्या उदासीन हायड्रोजनची २१ सेंटिमीटर तरंगलांबीची खूण शोधण्याचे आणि तिच्या तीव्रतेवर मर्यादा घालण्याचे काम केलेले आहे. थोडक्यात, अणू जुळले, फुटले, पुन्हा जुळतीलही. एकूण बेरजेचा या घडामोडींशी काहीच संबंध नाही. प्लाझ्मा संपूर्ण आयनीभूत असूनही एकूण उदासीन असू शकतो, आणि या पुस्तकाचा विषय ती बेरीज आहे.

विद्युतबल किती जबर असते याची कल्पना आल्याशिवाय पुढच्या पुराव्याचे वजन कळणार नाही. एक ग्रॅम हायड्रोजन घ्या. त्यातले सगळे इलेक्ट्रॉन वेगळे करून चंद्रावर नेऊन ठेवा आणि प्रोटॉन इथे पृथ्वीवर ठेवा. मधले अंतर ३,८४,००० किलोमीटर. या दोन ढिगांमधले आकर्षण कूलोमच्या नियमाने काढले तर ते ५६० न्यूटनच्या आसपास येते. म्हणजे ५७ किलो वजन उचलायला लागेल तेवढे बल. हे एका ग्रॅमचे. दोन प्रोटॉनांमधले विद्युत प्रतिकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १ वर ३६ शून्ये इतके पट भरते. तरीही ग्रहांच्या कक्षा, ताऱ्यांची जडणघडण, दीर्घिकांचे समूह, विश्वाचे प्रसरण हे सारे गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने चालते आणि तिथे विद्युतबलाचे नावही कुणी काढत नाही. इतके दुबळे बल एवढ्या मोठ्या पल्ल्यावर सत्ता गाजवू शकते, याचे एकच कारण संभवते: बलाढ्य प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना पुरत्या खोडून काढत आहेत. किती पुरत्या, तेही सांगता येते. ३६ शून्यांचे वर्गमूळ १८ शून्यांचे. दर हायड्रोजन अणूवर इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा दहा परार्धांतला एक भाग जरी शिल्लक राहिला असता, तरी अणू-अणूंमधले प्रतिकर्षण गुरुत्वाकर्षणाच्या बरोबरीला आले असते. मग वायूचे ढग आकसलेच नसते. निव्वळ दीर्घिका अस्तित्वात आहेत एवढ्यावरून अठरा दशांश स्थळांपर्यंतचा निष्कर्ष हाती येतो.

हा युक्तिवाद देखणा आहे, पण त्याला पळवाट आहे. ती ज्यांनी शोधली, त्यांनी ती विश्वाच्या बाजूने नव्हे तर स्वतःच्या सिद्धांताच्या सोयीसाठी शोधली. १९५९ मध्ये केंब्रिजचे रेमंड लिटल्टन आणि लंडनचे हर्मन बाँडी यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक धाडसी कल्पना मांडली. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या प्रभारांत दहा परार्धांत दोन इतका फरक आहे असे समजा. मग प्रत्येक अणूवर किंचित प्रभार उरेल, आणि विश्वव्यापी पातळीवर प्रतिकर्षण गुरुत्वाकर्षणावर मात करील. विश्वाचे प्रसरण म्हणजे हेच प्रतिकर्षण, असे त्यांचे म्हणणे. दीर्घिका मग तयार कशा होतात? त्याचेही उत्तर त्यांच्याजवळ होते. जिथे वायू आयनीभूत होतो तिथे जादा प्रभाराचे कण बाहेर ढकलले जातात आणि उरलेले द्रव्य उदासीन होऊन गुरुत्वाकर्षणाने गोळा होते. बाहेर फेकलेले कण आपल्याला विश्वकिरण म्हणून भेटतात. बाँडी हे गोल्ड आणि हॉएल यांच्यासह १९४८ च्या स्थिर स्थिती सिद्धांताचे जनक. मराठी वाचकाला हा सिद्धांत हॉएल यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांच्या लेखनातून चांगला ओळखीचा आहे. त्या सिद्धांतात नवे द्रव्य सतत निर्माण होत असते, आणि द्रव्य प्रभारित असेल तर प्रभारही निर्माण होणार. त्यासाठी लिटल्टन आणि बाँडी यांना मॅक्सवेलच्या समीकरणांना हात घालावा लागला. एवढी मोठी किंमत मोजायची त्यांची तयारी होती, यावरून प्रसरणाच्या कारणाचा प्रश्न त्या काळी किती उघडा होता ते दिसते. कल्पना फसली, पण माझ्या मते ती वाया गेली नाही. सगळेजण जे न बोलता धरून चालत होते, त्याला तिने पहिल्यांदा एक आकडा दिला, आणि आकडा दिला की तो तपासता येतो.

तपासणीची सामग्री खरे तर आधीच तयार होती. पृथ्वी आणि सूर्य यांची चुंबकीय क्षेत्रे अशाच एखाद्या सूक्ष्म प्रभारफरकातून येत असतील का, हा विचार १९२४ मध्ये आइन्स्टाइननेही मांडला होता. त्यानंतर वर्षभरात ऑग्युस्त पिकार आणि केसलर यांनी प्रयोग केला. हेच पिकार पुढे १९३१ मध्ये बलूनमधून स्थितांबरात गेले. प्रयोगाची कल्पना साधी होती: विद्युतदृष्ट्या अलग ठेवलेल्या भांड्यात कार्बन डायऑक्साइड दाबाने भरायचा, तो हळूहळू बाहेर सोडायचा, आणि भांड्याचे विभव बदलते का ते पाहायचे. रेणूंवर कणभर प्रभार असेल तर बाहेर पडणारा वायू तो घेऊन जाईल आणि भांडे उलट्या प्रभाराचे होईल. विभव बदलले नाही. त्यातून निघालेली मर्यादा लिटल्टन-बाँडी यांना हव्या असलेल्या आकड्याच्या काही शेकडा पटींनी खाली होती, आणि तीही चौतीस वर्षे आधी! १९५९ मध्येच हिलास आणि क्रॅनशॉ यांनी आर्गॉन व नायट्रोजन वापरून तसाच प्रयोग पुन्हा केला आणि कल्पनेचा निकाल लागला. १९७३ मध्ये डिल्ला आणि किंग यांनी वेगळी रीत वापरली. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा जड वायू त्यांनी एका पोकळीत भरला आणि त्यावर आलटून पालटून दिशा बदलणारे विद्युतक्षेत्र लावले. या वायूच्या एका रेणूत ७० प्रोटॉन आणि ७० इलेक्ट्रॉन असतात. त्यांचा हिशेब तंतोतंत जुळत नसेल तर रेणू क्षेत्राच्या तालावर हलतील आणि पोकळीत आवाज उमटेल. संवेदनशील मायक्रोफोनला काहीच ऐकू आले नाही. इटलीत २०११ मध्ये याच तत्त्वावरचा सुधारित प्रयोग झाला, त्यातही शांतताच. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या प्रभारांतला फरक, असलाच तर, १ वर २१ शून्ये एवढ्यांतला एक भागही भरत नाही, हा आजचा मान्य आकडा आहे. या सगळ्या प्रयोगांचा उत्तम आढावा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. एस. उन्नीकृष्णन यांनी जॉर्ज गिलीज यांच्यासह २००४ मध्ये घेतला. ज्यांना प्रयोगांत रस आहे त्यांनी तो जरूर पाहावा.

इथे चाणाक्ष वाचक अडवेल, आणि त्याने अडवावेच. प्रयोगशाळेने सिद्ध झाले ते एवढेच, की एका प्रोटॉनचा आणि एका इलेक्ट्रॉनचा प्रभार सारखा आहे. त्यांची विश्वातली संख्या सारखी आहे, हे त्यातून कुठे निघते? भांड्यातला वायू मुळात अणू-रेणूंचा असतो. जादा इलेक्ट्रॉन कुठे दूरवर भटकत असतील तर ते त्या भांड्यात सापडणारच नाहीत. हरकत रास्त आहे, आणि तिचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. त्यासाठी पहिल्या काही सेकंदांत जावे लागते. विश्व एक सेकंद वयाचे असताना तापमान १० अब्ज केल्विनच्या घरात होते. तेव्हा प्रकाशातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या जोड्या सतत निर्माण होत आणि नष्ट होत. दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे जवळपास पंचेचाळीस कोटी इलेक्ट्रॉन होते आणि जवळपास तेवढेच पॉझिट्रॉन. तापमान आणखी खाली आले तशी नवी निर्मिती थांबली आणि जोड्या एकमेकांना संपवत गेल्या. पंचेचाळीस कोटींतले बाकी सगळे गेले आणि कसाबसा एक इलेक्ट्रॉन मागे राहिला. हे उरलेले इलेक्ट्रॉन नेमके प्रोटॉनांच्या संख्येइतके आहेत. ही जुळणी मला या साऱ्या कथेतला सर्वांत थक्क करणारा भाग वाटते. प्रोटॉन त्याआधीच, एका वेगळ्या संहारातून वाचून आले होते. त्या संहारात क्वार्क आणि प्रतिक्वार्क एकमेकांना खाऊन संपले आणि अब्जांत एखादा उरला. दोन वेगवेगळे संहार, दोन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कणांचे, आणि उरलेल्यांची शिरगणती एकमेकांशी जुळते. हा योगायोग मानणे अवघड आहे. यामागे काहीतरी नियम असलाच पाहिजे.

पण ती खरोखर किती जुळते? समजा काही इलेक्ट्रॉन जादा उरले. लिटल्टन-बाँडी यांच्या पळवाटेप्रमाणे ते दीर्घिकांबाहेर हाकलले गेले असतील, आणि मग दीर्घिकांच्या अस्तित्वावरून काढलेला निष्कर्ष त्यांना लागू पडणार नाही. ही वाट बंद करते ते विश्वभर पसरलेले सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारण. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी ते सापडल्याचे जाहीर केले. त्याचे तापमान २.७२५ केल्विन, आणि आपल्या स्वतःच्या गतीचा परिणाम वगळला तर सर्व दिशांना ते लाखात एक भाग इतक्या बारकाईने सारखे आहे. आता सगळीकडे सारखा पसरलेला थोडासा निव्वळ प्रभार कल्पून पाहा. कोणत्याही एका बिंदूला केंद्र मानले तर त्याच्यापासून दूर जावे तसतसे विद्युतक्षेत्र वाढत जाते आणि बाहेरच्या दिशेला रोखलेले असते. दुसरा बिंदू केंद्र धरला तर क्षेत्राचे चित्रच बदलते. गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत केंद्राची अशी मनमानी निवड खपते, कारण त्यात सगळ्या वस्तू सारख्याच पडतात आणि फक्त परस्परांतले त्वरण मोजता येते. विद्युतक्षेत्राचे तसे नाही. प्रोटॉन एका बाजूला ओढला जातो, इलेक्ट्रॉन दुसऱ्या, आणि शेजारचा न्यूट्रॉन जागचा हलत नाही. त्या ठिकाणी क्षेत्र आहे की नाही याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. म्हणून प्रभारित विश्वाला कुठली तरी दिशा, कुठले तरी केंद्र खरोखरच पसंत करावे लागेल, आणि त्याची खूण पार्श्वभूमी प्रारणावर उमटल्यावाचून राहणार नाही. ओरितो आणि योशिमुरा यांनी १९८५ मध्ये विश्व प्रभारित असू शकते का हा प्रश्न पद्धतशीर हाताळला. २००५ मध्ये चियारा काप्रिनी आणि पेद्रो फेरेरा यांनी प्रारणाच्या समदिशतेवरून मर्यादा काढली: प्रभार सगळीकडे सारखा पसरलेला असेल, तर दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे तो इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या १ वर २६ शून्ये इतक्या भागांतल्या एका भागाहून कमी असला पाहिजे. प्रभार ठिकठिकाणी कमी-जास्त असेल तर मर्यादा सैल होते, आणि तो कसा पसरला आहे त्यावर अवलंबून ती १९-२० शून्यांपर्यंतही खाली येऊ शकते. हा फरक लपवून फक्त २६ शून्यांचा गाजावाजा करणारे लेखन वाचकाने सावधपणे घ्यावे.

दुसरी हरकत अधिक खोचक आहे. पार्श्वभूमी प्रारणाचे सगळे गणित मांडताना इलेक्ट्रॉनांची संख्या प्रोटॉनांइतकी आधीच धरलेली असते. मग त्याच गणिताच्या निष्पत्तीतून उदासीनता सिद्ध करणे म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे नव्हे काय? याचे उत्तर असे की इथे दोन स्वतंत्र पुरावे आहेत आणि त्यांची बारकाई अगदी वेगळी आहे. पहिला शिरगणतीचा. प्रारणातल्या चढउतारांच्या शिखरांची उंची बॅरिऑनांची, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांची घनता सांगते. त्याच चढउतारांचे बारीक कोनांवर जे शमन होते ते मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर अवलंबून असते. प्लँक उपग्रहाच्या मोजणीत हे दोन आकडे उदासीनतेच्या हिशेबाशी काही टक्क्यांच्या आत जुळतात, आणि ड्युटेरियमच्या प्रमाणावरून स्वतंत्रपणे काढलेली बॅरिऑनांची घनताही त्यांना दुजोरा देते. हा पुरावा वर्तुळाकार नाही, पण ओबडधोबड आहे. दुसरा पुरावा बलाचा. त्यात कुणी काही मोजत बसत नाही. जादा प्रभार असता तर काय उत्पात झाला असता ते पाहतात आणि तो झालेला नाही हे नोंदवतात. दोन पोत्यांतले दाणे सारखे आहेत का, हे मोजून पाहिले तर चूक राहणारच. ती तराजूत घातली तर काटा पटकन सांगतो. शिरगणतीत टक्क्याची चूक खपते, तराजूत नाही, आणि हा तराजू ३६ शून्यांनी संवेदनशील आहे.

आता एकूण बेरीज बाजूला ठेवून जागोजागीची स्थिती पाहू. एकूण शून्य असूनही ठिकठिकाणी धन आणि ऋण यांची फाटाफूट असू शकते. प्लाझ्मा ती होऊ देत नाही. अणू तयार होण्याच्या सुमारास एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे तीनशे इलेक्ट्रॉन आणि तापमान ३,००० केल्विन धरले, तर ज्या अंतरापलीकडे प्रभाराचा प्रभाव झाकला जातो ते अंतर वीस-बावीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर येते. विश्वाच्या त्या वेळच्या प्रचंड पसाऱ्यात धन-ऋणाची फारकत वीतभर पल्ल्यापलीकडे टिकत नव्हती. जराशी फाटाफूट झालीच तर इलेक्ट्रॉन मागे ओढले जात आणि सेकंदाला दीड लाखाच्या आसपास वेळा हेलकावे खात. तरी हा नियम अगदी काटेकोर नव्हता. प्रकाशाचा दाब इलेक्ट्रॉनला जाणवतो तसा प्रोटॉनला जाणवत नाही. वस्तुमान १,८३६ पट असल्याने प्रोटॉनवरचा प्रकाशाचा पगडा त्याच्या वर्गाने, म्हणजे तेहतीस-चौतीस लाख पटींनी कमी पडतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन किंचित पुढे ढकलले जात, क्षीण प्रवाह सुरू होत आणि त्यांतून अगदी दुबळी चुंबकीय क्षेत्रे जन्माला येत. आजच्या दीर्घिकांतल्या चुंबकीय क्षेत्रांचे बीज यात शोधण्याचा प्रयत्न झालेला आहे. माझ्या मते एवढ्याशा बीजावर ती उभी करणे कठीण आहे, पण तो वाद वेगळ्या प्रकरणाचा आहे.

राहिला 'का'. सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर प्रभार अक्षय्यतेचे. न्यूट्रॉन मोडला की एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन निघतो, सोबत प्रभार नसलेला प्रतिन्यूट्रिनो. बेरीज जशीच्या तशी. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या बोरेक्झिनो प्रयोगाने २०१५ मध्ये दाखवले की इलेक्ट्रॉन प्रभार टाकून फोटॉन आणि न्यूट्रिनो यांत विरघळत असेल, तर त्याला लागणारा काळ ६.६ गुणिले १ वर २८ शून्ये इतक्या वर्षांहून जास्त आहे. नियम पक्का आहे, यात शंका नाही. पण अक्षय्यता बेरीज जपते, ठरवत नाही. सुरुवातीला बेरीज दहा असती तर आजही ती दहाच राहिली असती. बंदिस्त विश्वाचा युक्तिवाद याहून बळकट आहे: विश्व एखाद्या गोलाच्या पृष्ठभागासारखे स्वतःवर मिटलेले असेल, तर जादा प्रभारातून निघालेल्या क्षेत्ररेषांना शेवटी टेकायला जागा उरत नाही, आणि गाउसचा नियम एकूण प्रभार शून्य असण्याची सक्ती करतो. अडचण एवढीच, की मोजणीनुसार विश्व सपाट दिसते. प्लँकच्या आकड्यांत वक्रता हजारांत दोन-तीन भागांच्या आत शून्याशी जुळते. बंदिस्तपणा नाकारता येत नाही, गृहीतही धरता येत नाही. हा युक्तिवाद मी सोडून देतो.

मला पटणारे उत्तर येते ते प्रसरणाच्या एका अतिवेगवान टप्प्याच्या, म्हणजे महाविस्ताराच्या कल्पनेतून. ती ॲलन गथ यांनी १९८१ मध्ये मांडली. त्या टप्प्यात विश्वाचे घनफळ निदान १ वर ७८ शून्ये इतक्या पटींनी वाढले, असे तिचे किमान गणित सांगते. आधी जो काही प्रभार असेल तो या विस्तारात इतका विरळ झाला की आपल्या दृश्य विश्वाच्या वाट्याला जवळपास काहीच आले नाही. त्यानंतर जे द्रव्य उपजले ते प्रभार नसलेल्या क्षेत्राच्या ऊर्जेतून, प्रभार अक्षय्य ठेवणाऱ्या प्रक्रियांतून. म्हणजे शून्यातून सुरुवात, आणि मग अक्षय्यतेचे काम फक्त ते शून्य राखण्याचे. महाविस्तार अजून निर्विवाद सिद्ध झालेला नाही, ही हरकत मला मान्य आहे. पण ज्यांना तो नको आहे त्यांनी उदासीनतेचे दुसरे स्पष्टीकरण पुढे ठेवायला हवे. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यातली विषमता शून्य नाही आणि प्रभाराची विषमता मात्र शून्य आहे, हा फरकही या चित्रात उलगडतो. बॅरिऑनसंख्येला प्रभारासारखे संरक्षण नाही. तिच्यामागे दूरवर पोचणारे बल नाही, क्षेत्ररेषा नाहीत, तिचा भंग कोणत्या अटींवर होऊ शकतो ते साखारोव्ह यांनी १९६७ मध्येच सांगितले. प्रभाराचा भंग झाला असता तर त्याच्याबरोबर क्षेत्रही फसकन नाहीसे किंवा उत्पन्न व्हावे लागले असते. काही काळ विद्युतचुंबकीय सममिती मोडलेली होती असे मानून डोल्गोव्ह आणि सिल्क यांनी १९९३ मध्ये प्रभार-विषमतेची शक्यता गांभीर्याने तपासली. ती अशक्य नाही, पण तिच्यासाठी लागणारी जुळवाजुळव पाहता माझा कौल तिच्या बाजूने नाही. 'किती प्रारंभीचे' असा प्रश्न विचारला, तर पहिल्या सेकंदाच्या एक शतअब्जांशाआधी विद्युत आणि दुर्बल बल एकत्र होते आणि आजच्या अर्थाने विद्युतप्रभार वेगळा काढताच येत नव्हता. तेव्हाच्या दोन मूळ प्रभारांची बेरीज शून्य असली पाहिजे, एवढेच विधान त्या काळाबद्दल करता येते, आणि माझा दावा त्याच्यापलीकडे जात नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. प्रयोगशाळेतले प्रयोग ज्यांना कंटाळवाणे वाटतील त्यांनी ते गाळून थेट पार्श्वभूमी प्रारणाच्या प्रकरणाकडे जावे, तर्काचा धागा तुटणार नाही. गणित बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडे फारसे जात नाही; कूलोमचा नियम, गाउसचा नियम आणि साहा यांचे समीकरण एवढी शिदोरी पुरेल. एक विनंती मात्र आहे. साहा यांच्या समीकरणात फोटॉन आणि बॅरिऑन यांचे गुणोत्तर घालून, हायड्रोजनचे निम्मे अणू कोणत्या तापमानाला जुळतात ते वाचकाने स्वतः कागदावर काढून पाहावे. उत्तर ३,७०० केल्विनच्या आसपास यायला हवे.